लेकीच्या वाट्याचं झाड

“तुम्ही चोर आहात. गाडीतून आलात, दिवसाढवळ्या आलात, वर आमचाच चहा पिऊन चोरी करताय. पण चोर तो चोरच!”

पत्रीने हे सोलणीच्या टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांच्या तोंडावर फेकलं आणि शेडमधल्या सगळ्या बायकांची बोटं जागच्या जागी थांबली. कुणाच्या हातात नुकतं फोडलेलं जायफळाचं फळ, कुणाच्या अंगठ्याखाली अर्धवट सुटलेली लाल जायपत्री. फक्त कोपऱ्यातली पत्रीची म्हातारी आत्या आपली लाकडी हातोडीने वाळलेल्या बियांची कवचं फोडत होती. टक, टक, टक. तिच्या दृष्टीने अजून काही झालेलंच नव्हतं.

वहिनी, म्हणजे पत्रीच्या थोरल्या भावाची, दादाची बायको, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साहेबांचा दुसरा चहा. आत यावं की मागे फिरावं, हे तिला कळेना. या घरात आल्यापासून तिने असे कितीतरी चहा दारात धरून ठेवले होते. आत भांडण चालू असताना चहा न्यायचा नसतो आणि भांडण संपल्यावर गार चहा न्यायचा नसतो, त्यामुळे बाईने दारातच थांबायचं असतं.

“ताई, तुम्ही भावनेनं बोलताय,” साहेब म्हणाले.

“तोंडानं बोलतेय. ऐकू येतंय ना?”

साहेब बागायतदार संघाचे. संघात त्यांचा हुद्दा नक्की कोणता हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण संघ म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ होतं. जायफळ घेणार संघ, नाकारणार संघ, पाण्याची पाळी कुणाला कधी ते ठरवणार संघ. आणि संघाचा सभासद कोण? ज्याच्या नावावर फळणारं झाड आहे तो. संघ काढला तेव्हाच मोठ्या लोकांनी बसून हा नियम केला होता, आणि आपण कुणाला बाहेर ठेवतोय हे त्यांना चांगलं माहीत होतं.

कारण जायफळाची तऱ्हाच तशी. बी लावा, रोप जपा, वर्षानुवर्षं पाणी घाला, पण पहिलं फूल येईपर्यंत झाड नर की मादी हे एक त्या झाडालाच ठाऊक. मादी निघाली तर फळ. नर निघाला तर नुसती फुलं, पिवळट, इवल्या घंटेएवढी, वासाची. पण बागेत नर नसेल तर त्याच्या फुलांतले पराग मादीकडे जात नाहीत आणि मादीलाही फळ धरत नाही. हे सगळ्यांना कळतं. साहेबांनाही कळत होतं, आणि न कळल्याचं ते सोंगही करत नव्हते.

आता या घराण्याची अक्कल बघा. मोठे आजोबा, ज्यांच्या कंजूषपणाच्या कथा घरात अजून चघळल्या जातात, त्यांनी आपल्या हयातीत झाडांची वाटणी केली. फळणारी झाडं मुलांना. लेकींना काहीच नाही दिलं तर चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून लेकीला एकेक नर. “घे, हे तुझं झाड!” म्हणून स्वतःच खो खो हसले म्हणे. पुढे तीच घराची रीत झाली. या घरात लेक जन्मली की तिच्या नावे एक नर. लेकींनी मान खाली घालून तो घेतला, पुरुषांनी टाळ्या दिल्या, आणि इतक्या वर्षांत एका पुरुषाच्याही डोक्यात उजेड पडला नाही, की बागेतलं एकूण एक फळ ज्यांच्या जिवावर धरतं ती सगळीच्या सगळी झाडं आपण बायकांच्या हवाली केली. लेकीला ठेंगा दाखवायला गेले आणि घराची किल्ली देऊन आले.

असे तीन नर आता उरले होते. विहिरीजवळचा म्हातारा नर आत्याचा. शेडमागचा पत्रीचा. आणि कुंपणाजवळचा छकुलीचा. छकुली म्हणजे वहिनीची एकुलती एक लेक, दूर शहरातल्या इस्पितळात नर्स. नर्स झाली तरी घरात छकुलीच.

“पुन्हा सांगतो,” साहेब शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की आपल्याला कापलं जातंय हे माणसाला उशिरा कळावं. “आज कलमवाला तुमच्या तिन्ही नरांच्या उभ्या फांद्यांच्या काड्या घेईल. दादांच्या फळणाऱ्या झाडांवर त्या काड्यांचं कलम बांधेल. एकेक फांदी नराची, बाकी झाड मादीचं. कलमं जगली की वेगळ्या नराची गरजच नाही. मग ती तीन झाडं तोडून तिथे संघाची वाळवणीची शेड आणि गाड्यांचा रस्ता. पीक तेवढंच आणि जागा मोकळी. यात चोरी कुठे आली?”

“काड्या कुणाच्या?”

“झाडाच्या.”

“झाड कुणाचं?”

“ताई, फळ न देणारं झाड संघाच्या लेखी झाडच नाही.”

“झाड नाही तर कलमवाल्याला कशाला आणलंय? माझे केस कापायला?”

सोलणाऱ्या बायका खुदकन हसल्या. कलमवाला शेडच्या पायरीवर चाकू आणि पट्टीची गुंडाळी घेऊन बसला होता. तो आणखी आकसून बसला.

“पत्री!” दादा गरजला.

पत्री हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ओल्या बीवरची जायपत्री ती न फाडता अख्खी काढायची, हातात लाल फूल उमलावं तशी, म्हणून तिच्या आईने कौतुकाने ठेवलेलं नाव. पुढे ती नवऱ्याला सोडून परत आली, भावाच्याच शेडमध्ये सोलायला बसली, तेव्हा नाव तेच राहिलं, कारण मात्र बदललं. रागावली की ओल्या जायपत्रीसारखी लालभडक होते म्हणून पत्री.

“ओरडू नकोस दादा. मी तुझ्याशी बोलतच नाहीये. तू तर विकला गेलास.”

“मी विकलो गेलो? मी? घरासाठी मरमर मरतो तो मी—”

“संघाच्या संचालकाच्या खुर्चीसाठी मरतोस. ती खुर्ची माझ्या झाडाच्या बुंध्यावर मांडणारेस.”

हे खरं होतं. वहिनीला ते आठवडाभर आधीच ठाऊक होतं. साहेब पहिल्यांदा आले तेव्हाही चहा तिनेच दिला होता, आणि संचालकपदाचं बोलणं दारात उभं राहून ऐकलं होतं. पत्रीच्या कानावर घालावं असं तेव्हा मनात आलं होतं. मनात आलेलं मनातच ठेवायची तिला सवय होती.

साहेबांनी रुमालाने टेबलाची कड पुसली. “एक विचारायचं राहिलं. माझ्या गाडीवर पांढऱ्या रंगाची फुली कुणी मारलीय?”

“मी,” पत्री म्हणाली.

“का?”

“काल तुमच्या माणसांनी येऊन फळ न देणाऱ्या झाडांवर तोडायच्या खुणा केल्या. रंगाचा डबा इथेच विसरले. म्हटलं, काम अर्धवट कशाला ठेवायचं? घरातले बाकीचे नरही उरकून टाकले.”

आता कुठे धाकट्याची ट्यूब पेटली. धाकटा म्हणजे दादाचा आणि पत्रीचा भाऊ. जिकडे पारडं जड तिकडे हा हलका माणूस पटकन जाऊन बसायचा. “म्हणजे माझ्या मोटारसायकलवरची फुली तूच—”

“तू कुठे फळलास आजवर?”

शेडमध्ये हसण्याचा असा काही स्फोट झाला की दोन बायकांच्या मांडीवरच्या जायपत्र्या खाली सांडल्या. दादाच्या खोलीच्या दारावरही फुली होती. सकाळी वहिनीने ती पाहिली होती, पुसायला ओलं फडकंही घेतलं होतं आणि न पुसताच ते वाळत घातलं होतं. असं का केलं हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. आत्ता ती ट्रेमागे तोंड लपवून हसली, आणि नवऱ्याने ते पाहिलं.

“हसा. हसून घ्या,” दादा म्हणाला. “कलमवाल्या, ऊठ रे. शेडमागच्या झाडापासून सुरुवात कर.”

“थांब.” पत्री वाकली. तिने टेबलाखालून एक मोठी टोपली ओढली आणि साहेबांच्या पुढ्यात उपडी केली.

फुलं. नराची पिवळट इवली फुलं, ढीगभर. काही घरंगळत साहेबांच्या मांडीवर गेली, एक रिकाम्या कपात पडलं. जायफळाच्या उग्र वासात तो गोडसर वास मिसळला. या ढिगाचा अर्थ काय ते समजावून सांगायची तिथे कुणालाच गरज नव्हती.

“पहाटेपासून झाडावर होते,” पत्री म्हणाली. “आजपासून माझ्या नराचं एक फूल फांदीवर राहणार नाही. उमललं की खुडायचं. आणि काड्यांचं म्हणाल, तर उभ्या फांद्यांचे शेंडेही मी छाटून चुलीत घातलेत. आडव्या फांदीची काडी लावली तर कलम आडवंतिडवं पसरतं, सरळ वाढत नाही, हे कलमवाल्याला विचारा. बघू तुमचं कलम आणि बघू तुमचं पीक.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच विझलं. ते दादाकडे वळले. “हे मला आधी सांगायला हवं होतं. घरात एकमत आहे, असं तुम्ही म्हणाला होता.”

“एकमत आहे!” दादा टेबलाला वळसा घालून आला. “हिचं डोकं फिरलंय. पत्री, पुढच्या वर्षाचं पीक जाईल, कळतंय का? ही शेड बंद पडेल. या बायकांनी कुठे जायचं? आणि तू खाणार काय?”

“आजवर खाल्लं तेच. तुमच्या ताटातलं उरलेलं.”

हे मात्र खोटं होतं. वहिनीला ते सपकन लागलं. पत्री परत आल्यापासून वहिनीने तिला एकदाही नंतर वाढलं नव्हतं. आपलं पान वाढायच्या आधी तिचं पान वाढलं होतं. ती तसं म्हणणार, तोच पत्रीची नजर तिच्याकडे वळली. पत्री घाबरलेली होती. आवाज चढलेला, मान ताठ, आणि डोळे मात्र बुडणाऱ्या माणसाचे.

दादानेही ते ओळखलं असावं. भाऊ होता शेवटी. तो एकदम शांत झाला, आणि दादा शांत झाला की पुढे काहीतरी वाईट येतं हे वहिनीला ठाऊक होतं.

“बरं,” तो म्हणाला. “तुझं झाड तुझं. खुडत बस. अजून दोन नर आहेत. आत्या, तुम्ही मला काय म्हणालात?”

टक, टक. “हो म्हणाले,” आत्या खालमानेनेच म्हणाली. “तुझ्या घरात राहते, तुझं खाते. दुसरं काय म्हणणार?”

“ऐकलंत साहेब? आणि तिसरं माझ्या लेकीचं.”

“छकुलीला विचारलंस?” पत्रीचा आवाज फाटला.

“आत्ता विचारतो. तुझ्यादेखत.”

दादाने खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. वहिनीने ट्रे खाली ठेवला. वाजणाऱ्या रिंगबरोबर तिच्या मनात एकच वाक्य घुमत होतं. नाही म्हण, बाळा. एकदा तरी या घरात कुणीतरी नाही म्हण.

“बाबा? पटकन बोला, मी ड्युटीवर आहे.”

“काही नाही गं. ते कुंपणाजवळचं झाड, तुझ्या नावाचं. संघाला तिथे शेड बांधायचीय. तोडायचं का?”

“कुठलं झाड?”

पत्री फोनकडे झुकली.

“नर गं. तुझा नर.”

“अच्छा, ते! तोडा ना. मी काय तिकडे परत येणारे थोडीच? मला नको ते. आई बरी आहे ना? ठेवते हं, पेशंट आहे.”

फोन बंद झाला. आई बरी होती. आई दारात उभी होती आणि तिच्या पायाखालची जमीन कुणीतरी मऊ आवाजात काढून नेली होती. छकुली तान्ही असताना तिला त्याच झाडाखाली निजवून वहिनी बाजूला फळं वेचायची. वारा आला की पिवळी फुलं झबल्यावर पडायची. झाड पहिल्यांदा फुललं आणि नर निघालं तेव्हा सासरे म्हणाले होते, चला, नातीची सोय झाली. पण यातलं छकुलीला काय आठवणार? आणि आठवलं तरी परत यावं असं इथे तिच्यासाठी ठेवलं तरी काय होतं? वहिनीला लेकीचा राग आला नाही. लेक सुटली होती. राग आला तो दादाच्या चेहऱ्यावर पसरलेल्या समाधानाचा.

“झालं,” दादा म्हणाला. “लेकीनं झाड सोडलं. आता ते माझं. साहेब, दोन नरांच्या काड्या पुरेत ना?”

“भरपूर.”

“मीही तेच म्हणत होतो,” धाकट्याने घाईघाईने पारडं ओळखलं. “उगाच वाढवायचं कशाला?”

पत्री मटकन बाकावर बसली. तिच्या पुढ्यातल्या फुलांच्या ढिगावर आता माश्या घोंघावू लागल्या होत्या. सोलणाऱ्या बायका पुन्हा मान घालून कामाला लागल्या.

आणि तेवढ्यात हातोडीचा आवाज थांबला. इतका वेळ तो कुणाला ऐकू येत नव्हता. थांबल्यावर ऐकू आला.

“तुझं कसं?” आत्या म्हणाली.

“काय?”

“लेकीनं सोडलेलं झाड तुझं कसं, म्हणते मी.”

“मी बाप आहे तिचा!”

“बापानं दिलेलं बापाकडे परत जात नाही रे. विहिरीजवळचा नर कुणाचा?”

“तुमचा. म्हणून तर तुम्हाला विचारलं.”

“माझा नव्हताच तो.” आत्याने मांडीवरचा कवचांचा चुरा झटकला. “माझा गोठ्यामागे होता, तो वठला. मी तेव्हा परकरात होते. विहिरीजवळचा माझ्या थोरल्या बहिणीचा. ती लग्न करून पार लांब गेली आणि तिनंही असाच निरोप धाडला, मला नको म्हणून. माझे वडील म्हणाले, चला, माझा झाला. कुऱ्हाडीला धारसुद्धा लावली त्यांनी. आई पदर खोचून बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, लेकीनं सोडलं तर ते लेकीच्या आईकडे येतं. तुमच्याकडे यायला तुम्ही तिला नऊ महिने वाहिलं नाहीत. कुऱ्हाड चालवायची तर आधी माझ्यावर.”

“मग?” एका सोलणारीने न राहवून विचारलं.

“मग काय! कुऱ्हाड ठेवली की. झाड आईचं झालं आणि आईनं मरताना ते मला दिलं.” आत्या दादाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण असा आवाज तिच्या तोंडून त्या शेडने कधी ऐकला नव्हता. “तू माझ्याकडे हो म्हणा म्हणून आलास ना? कशाला आलास? ते झाड माझं आहे हे तुला मान्य आहे म्हणूनच ना? मग ज्या वाटेनं ते माझ्याकडे आलं, त्याच वाटेनं कुंपणाजवळचं तुझ्या बायकोकडे गेलं. आत्ता. तुझ्या त्या फोनवरून गेलं.”

दादाने फोन घाईने खिशात घातला. लेकीकडून झाड सोडवून घेताना त्याने फार घाई केली होती, आणि तीही साक्षीदार बसवून.

“आणि माझं हो मी परत घेतलं,” आत्या म्हणाली.

“असं कसं परत घेता?”

“दिलं तसंच. तोंडानं. आता घाल घराबाहेर. विहिरीजवळ जाऊन बसते. झाड माझंच आहे.”

पत्रीने तोंडावर पदर दाबला. हसत होती की रडत होती ते पदरालाच माहीत.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “दादा, तुमच्या घरच्या रीतींशी संघाला कर्तव्य नाही. तुमच्या मिसेसची हरकत आहे का? नसेल तर एका झाडाच्या काड्यांवरही भागेल.”

“हिची कसली हरकत!” दादाच्या जिवात जीव आला. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या एका गोष्टीची त्याला खात्री होती, तिच्याकडे तो वळला. “अगं, सांग साहेबांना. आणि चहा गार झाला असेल, दुसरा टाक.”

वहिनीने ट्रेकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. तिने ट्रे उचलला नाही. ती दारातून वळली आणि चालायला लागली. स्वयंपाकघराकडे नाही, कुंपणाकडे. मागे कुणीतरी “वहिनी!” म्हणालं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिचं नाव तेच होतं. सासऱ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी. माहेरी तिच्या नावाचं झाड नव्हतं, तिथे बागच नव्हती. इथे लेकींना निदान नर तरी मिळत होते. सुनेला नर नाही, मादी नाही, फांदीसुद्धा नाही. मोठ्या आजोबांना तिच्यासाठी थट्टादेखील सुचली नव्हती.

झाड फुललेलं होतं. बुंध्यावरच्या कालच्या पांढऱ्या फुलीचा जाड रंग सावलीत अजून ओलसर होता. तिने हात लावला तर तळव्याला रंग लागला. शेडमधून सगळे मागोमाग आले. दादा पुढे, साहेब त्याच्या मागे, धाकटा मध्येच कुठेतरी, पत्री आत्याला हाताला धरून, आणि बायका जायपत्रीने लाल झालेले हात तसेच घेऊन. कलमवाल्याच्या खांद्यावर शिडी होती.

“लाव रे शिडी,” दादा म्हणाला.

कलमवाल्याने शिडी टेकवली. वहिनी वळली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. अगदी साधी, दुपारी दळण निवडायला बसावं तशी.

“ऊठ,” दादा म्हणाला.

“नाही.”

दादाला नीट ऐकू आलं नसावं. “काय?”

“नाही म्हटलं. अहो, एवढा छोटा शब्द. तुम्ही मला रोज म्हणता.”

“लोकांसमोर तमाशा करू नकोस. घरी बोलू.”

“घरी मी चहा टाकते. बोलता तुम्ही.”

“तुला काय कमी केलं गं मी? काय हवंय तुला? हे वांझ झाड?”

बायकांमध्ये कुजबुज झाली. वहिनीने मान वर केली. तिला छकुलीनंतर मूल झालं नव्हतं, आणि हा शब्द या घरात तिने कधी दाराआडून, कधी तोंडावर ऐकला होता.

“तुमच्या बागेतलं फळ न् फळ ज्याच्यामुळे धरतं त्याला वांझ म्हणताय,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. मी ऐकते.”

दादाने पाय बदलला, घसा खाकरला, आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकटा कुंपणाची तार बारकाईने तपासत होता.

“वहिनी,” साहेब पुढे आले. तोच मऊ आवाज. “तुमच्या भावना मी समजू शकतो. आपण मध्यम मार्ग काढू. झाड तोडत नाही. फक्त काड्या घेतो. मग तर हरकत नाही?”

“काड्या घ्या की.”

“वहिनी!” पत्री किंचाळली.

“थांबा वन्सं. मला बोलू द्या. इतकी वर्षं तुम्हीच बोललात.” ती उठली, पण शिडी तिने सोडली नाही. एक हात पायरीवर होता, रंगलेला. “घ्या काड्या, साहेब. माझ्या झाडाच्या काड्या, या बागेतल्या झाडांवर बांधा. तुम्ही शेजारच्या बागांनाही देणारच, ते मला कळतंय. देऊ मी. आम्ही तिघी देऊ. फुलं खुडायची आम्हालाही हौस नाही, पीक बुडालं तर या बायका आधी मरतील. पण मला एक सांगा. संघात कोण बसतं?”

“सभासद.”

“सभासद कोण?”

“ज्यांची झाडं आहेत ते.”

“माझं आहे. हे. आत्याबाईंचं विहिरीजवळ आहे. वन्संचं शेडमागे आहे.”

“वहिनी, फळणारं झाड असावं लागतं. नियम आहे.”

“नियम तुम्ही केलात. फळ आमच्या झाडावाचून धरत नाही, ते तुम्ही केलेलं नाही.”

मागून एका सोलणारीने “बरोबर!” म्हटलं. दादाने वळून पाहिलं, पण कुणी म्हटलं ते त्याला ओळखता आलं नाही. लाल हातांच्या सगळ्या बायका सारख्याच बघत होत्या.

“हा माझ्या अखत्यारीतला विषय नाही,” साहेब म्हणाले. “मला वर विचारावं लागेल.”

“झाडं तोडायचं वर विचारून आला होता?”

साहेब रुमालाची घडी घालू लागले.

“काड्या न्यायचं विचारलं होतं? यांना संचालक करायचं विचारलं होतं? ती सगळी उत्तरं खिशात घेऊन आलात. माझ्याच प्रश्नाला वर जावं लागतं होय?”

“अगं, पुरे आता,” दादा म्हणाला. पण त्याचा आवाज आता विनवणीचा होता, आणि तो एक पाऊल मागे सरकला होता. पत्री आणि आत्या एक पाऊल पुढे आल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत साहेब एकटेच उरले होते. त्यांनी सवयीने मदतीसाठी दादाकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे बघू नका,” वहिनी म्हणाली. “झाड त्यांचं नाही. माझं आहे, आणि विचारतेय मी. तुमच्या संघात आम्हा तिघींना खुर्ची आहे की नाही? नियम नको, मध्यम मार्ग नको, भावना तर मुळीच नकोत. हो की नाही, तेवढं बोला. शिडी धरून उभी आहे मी. बोला!”